आठव्या डावातली खूण

९ सप्टेंबर, शनिवार

मिलच्या मैदानापासून आमच्या घरापर्यंत चालत अकरा मिनिटं. त्या रविवारी आम्हाला पाऊण तास लागला! तेव्हा मी सतरा वर्षांची, आर्मां एकवीस. मॅच संपल्यावर धावत मागून आला आणि माझ्या हातातली स्कोअरची वही घेतली. "जड दिसते. मी धरतो." वही कसली जड! पण दिली. वाटभर तो त्याच्या आईच्या कोंबड्यांबद्दल बोलत होता. खेळाबद्दल अवाक्षर नाही.

आज हे आठवलं, कारण वाचनालयातली मुलगी आली होती. मिलच्या जुन्या बेसबॉल संघाचं प्रदर्शन मांडणार आहेत. "मिसेस थिबोडो, मिस्टर थिबोडोंची ती एका हिटची मॅच हवी. तेच पान काचेखाली ठेवू."

नेमकं तेच पान.

आर्मां खाटेवरून म्हणाला, "देऊन टाक! माझं तोंड बघायला कोण येतंय? निदान आकडे तरी बघतील." हसला, मग खोकत राहिला. शनिवारचे नेहमीचे बीन्स केले होते. दोन चमचे खाल्ले. नर्स म्हणते, आता दिवस मोजायचे.

११ सप्टेंबर

वही काढली. शिसपेन्सिलीचं अक्षर अजून स्वच्छ. शाळेतल्या सिस्टर क्लोथिल्दचं वळण! मधल्या सुट्टीत झग्याच्या बाहीत छोटा रेडिओ लपवून ती बॉस्टनची मॅच ऐकायची आणि आमच्याकडून स्कोअर मांडून घ्यायची. "आधी बघ, ल्युसील. मग लिही. बघितलंस तेवढंच लिही."

मी ते लिहिलं नाही.

आठवा डाव. तोवर आर्मांच्या चेंडूंवर समोरच्या कुणालाही हिट, म्हणजे स्वतःच्या फटक्याच्या जोरावर बेस, मिळाला नव्हता; नऊ डाव तसंच राहिलं तर पिचरचा विक्रम. बाकावर सगळे गप्प. पिचरचं असं चाललेलं असताना कुणी त्याच्याशी बोलत नाही, शेजारीसुद्धा बसत नाही. दृष्ट लागते. आणि मग तिसऱ्या बेसकडे एक साधा सरपटता चेंडू. तिथे राखणीला नॉर्मंड — माझा भाऊ. शेंबड्या पोरानंही अडवला असता. त्याच्या हातमोज्यातून निसटला.

'एरर' लिहायला हवं होतं. म्हणजे चूक नॉर्मंडची, आर्मांचा विक्रम शाबूत. पण पपा कुंपणाला टेकून उभे होते, सकाळपासून प्यालेले. त्यांना खेळातलं काही कळत नसे. वहीत बघायचे आणि त्याप्रमाणे घरी पट्टा काढायचे. आदल्या आठवड्याचे वळ नॉर्मंडच्या पाठीवर अजून ओले होते.

मी 'हिट' लिहिलं.

दुसरा हिट बसलाच नाही. आर्मां जन्मभर 'एका हिटचा आर्मां' राहिला. न्हाव्याकडे, चर्चच्या जेवणात, आमच्या लग्नातसुद्धा! दर वेळी मी हातातल्या ताटलीकडे बघायची. त्या बाकावरची शांतता आमच्या घरात राहायला आली, ती पंचेचाळीस वर्षं.

नॉर्मंड मागच्या वर्षी गेला. आता कुणाला वाचवायचं? खोटं पान काचेखाली जाण्याआधी आर्मांला सांगायलाच हवं.

१३ सप्टेंबर

रेडिओवर बॉस्टनची मॅच. सांगणार होते. तिसऱ्या डावात त्याचा डोळा लागला.

१७ सप्टेंबर, रविवार

सांगितलं.

"आर्मां, तो हिट नव्हता."

"कुठला?"

"तुला माहीत आहे कुठला. नॉर्मंडनं सोडला. मी खोटं लिहिलं."

त्यानं उशी मानेखाली ओढली. मग म्हणाला, "खडा होता, लू. चेंडू खड्यावरून उडाला."

"खडा नव्हता!"

"तू पेन्सिल घेऊन बसली होतीस. चेंडू मी टाकला होता. कुणाला जास्त माहीत?" आणि डोळे मिटून — "पोर्क-पाई उरलीय का?"

त्याला घास गिळवत नाही. तरी मी मांस भरलेल्या त्या पाईचा तुकडा गरम करून नेला. त्यानं नुसता वास घेतला.

स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागानं! निदान त्यानं चिडायचं तरी. कन्फेशनमध्ये फादरसुद्धा काहीतरी प्रायश्चित्त देतात.

२० सप्टेंबर

आर्मां गेला. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. माझा हात त्याच्या हातात होता, त्यानं कधी सोडला ते कळलं नाही.

२२ सप्टेंबर

क्लोदेत आली, बापाचे कपडे घड्या करत बसली आहे. माझी लेक, पण तिलाही नाही सांगितलं. पेन्सिलीला टोक केलं. खोडरबर शेजारी ठेवलं. उद्या दफन झालं की पान दुरुस्त करायचं आणि वाचनालयात द्यायचं. तेवढं तरी त्याचं त्याला मिळो.

२३ सप्टेंबर

पुरून आलो. काठी टेकत ऑरेल आला होता, आर्मांचे चेंडू झेलणारा त्याचा कॅचर. पेटीवर हात ठेवून म्हणाला, "गाढवा, मला सोडून निघालास?" मग माझ्याकडे वळला. "आता सांगतो तुला. त्या दिवशी पेपरवाला म्हणाला, ती सरळ एरर होती, मी तसंच छापतो. हा म्हणतो, पोरीच्या वहीत काय आहे? हिट? मग हिट. मी म्हटलं, अरे येड्या, विक्रम आहे तुझा! तर म्हणाला, कुंपणाशी तिचा बाप बघितलास का? आणि तुझ्यामागे पळाला."

हातमोजा ऑरेलला. रेडिओ क्लोदेतला. टोपी नॉर्मंडच्या नातीला — ती तिसऱ्या बेसवर खेळते. वही वाचनालयाला. आठव्या डावाला कुणी हात लावायचा नाही.