अपेक्षित निष्कर्ष

७ जानेवारी
नोकरी लागली. म्हणजे मावशीने लावली — तिच्या प्रयोगशाळेत अर्ज लिहायची. कादंबरीची चौथी सुरुवात कालच फाडली. निदान अर्ज तरी पुरा होईल.

मावशी दगडफूल मोजते. संस्थेच्या मागच्या भिंतीवर दगडाला चिकटलेले राखाडी-हिरवे चट्टे. चाळीस. वर्षातून एकदा प्रत्येकावर पारदर्शक कागद धरायचा, बारीक पेनाने कड गिरवायची. बावीस वर्षं हेच!

"वाढतात किती?"
"अर्धा मिलिमीटर."
"दिवसाला?"
"वर्षाला, शहाणे."

९ जानेवारी
एकाच चट्ट्याचे बावीस कागद एकावर एक ठेवून तिने खिडकीशी धरले. रेघेबाहेर रेघ, रेघेबाहेर रेघ. सगळ्यात आतली काढली तेव्हा मला दात यायचे होते. मी रेघा मोजायला लागले, नवव्या रेघेशी चुकले.

२२ जानेवारी
सरकारी योजना आहे. तीन वर्षं पैसे, बदल्यात चार पेपर, म्हणजे शोधनिबंध. नाही मिळाली तर मावशीची खोली जाणार, भिंत पाडून पार्किंग होणार.

शेजारच्या खोलीतल्या प्राध्यापकांना सगळे छापखाना म्हणतात. वर्षाला अकरा पेपर. म्हणाले, "एका कामाचे सहा तुकडे करायचे. सोपंय." मी हसले. मग म्हणाले, "माझीही एक वर्षानुवर्षांची मोजणी होती, तळ्यातली. योजना तीन वर्षांची, तळं काही तीन वर्षांचं नव्हतं. दिली सोडून. हाताखाली पाच पोरं आहेत, त्यांनी काय खायचं?" चहा तसाच राहिला त्यांचा.

१ फेब्रुवारी
फॉर्ममध्ये एक रकाना — अपेक्षित निष्कर्ष. मावशीने लिहिलं, "माहीत नाही." म्हणे, माहीत असतं तर एवढी वर्षं भिंतीकडे तोंड करून कशाला बसले असते?

उद्या शेवटचा दिवस. ती घरी गेल्यावर मी ते खोडलं. लिहिलं, "हवा तापत चालल्याने वाढ निम्म्यावर येईल." ठसठशीत वाक्य. खोटं नाही, अंदाज आहे.

२ फेब्रुवारी
तिने वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. सही केली.

२० मे
मंजूर! समितीला ते वाक्य फार आवडलं म्हणे. आजवर छापून न आलेल्या माझ्या लिखाणातलं हे सगळ्यात यशस्वी.

२ नोव्हेंबर
मोजणी. मावशीचा हात कापायला लागलाय, म्हणून यंदा पेन माझ्याकडे. काल वीस, आज वीस.

नाक टेकेल इतकं जवळ गेलं की चट्टा चट्टा राहत नाही. दऱ्या, कप्पे, इवल्या वाट्या. काठाला एक फिकट पट्टा, दगडावर पुढे सरकत असलेला. पाऊल वाजत नाही, घाई नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात हा बोटभरही सरकला नाही, आणि थांबलाही नाही. मला एका जागी दहा मिनिटं बसवत नाही!

कड मात्र धूसर. कुठे संपते ते पेनानेच ठरवायचं.

४ नोव्हेंबर
कागद जुळवले. वाढ निम्म्यावर आलीय. अगदी माझ्या वाक्यासारखी! टेबलाभोवती दोन चकरा मारल्या. छापखाना डोकावून म्हणाले, "तीन पेपर आहेत यात. चार, ओढूनताणून."

मावशी एकेक कागद बघत गेली आणि एकतिसाव्या चट्ट्याशी थांबली. तिथे माझी रेघ तिच्या गेल्या वर्षीच्या रेघेच्या आत गेली होती.

"हा तर हिरवागार आहे, भिंतीवर जाऊन बघ. आक्रसला कसा?" एवढंच.

५ नोव्हेंबर
मावशीने गेटवरच्या काकांना बोलावलं. त्यांनी फॉर्म वाचलेला नाही, काय यायला हवं ते त्यांना माहीत नाही. "जिथे संपतं असं वाटेल, तिथून फिरवा." काकांनी दहा चट्टे गिरवले. दहाच्या दहा रेघा माझ्या बाहेर. वाढ निम्मी नाही, दरवर्षीच्या दुप्पट झालीय.

योजना गेली तर भिंतीचं काय, मी विचारलं.

"आधी समितीला पत्र लिही," मावशी म्हणाली. "अपेक्षित निष्कर्ष चुकला. पहिल्याच ओळीत."