ट्रॅकपॅडचं पंधरा मिनिटांचं काम

३ तारीख, सकाळी ७.४०
हिला महिनाअखेर प्रबंध द्यायचा आहे. विषय, दवाखान्याबाहेर ताटकळणारी माणसं. टाइप करताना हिचा तळहात लॅपटॉपच्या ट्रॅकपॅडला लागतो आणि कर्सर उडी मारून भलत्याच ओळीत जातो. ही म्हणाली, साधा माउस आणू आणि ट्रॅकपॅड बंद करून टाकू. मी म्हटलं, लोक हसतील. लॅपटॉपवर विंडोज काढून लिनक्स मी घातलंय, तेव्हा जबाबदारी माझी. माझ्या डाव्या हातचा मळ. पंधरा मिनिटं.

३ तारीख, संध्याकाळी ६
पंधरा मिनिटांत काय करायचं ते कळलं. करायला अर्थात वेळ लागणार.

५ तारीख
पाया पक्का हवा. म्हणून डेस्कटॉपच्या आधी कन्सोल, म्हणजे नुसती अक्षरं दिसणारा काळा पडदा. हिने विचारलं, आपण त्या काळ्या पडद्यावर कधी जातो? मी म्हटलं, अडचणीच्या वेळी. ती म्हणाली, अडचण तर डेस्कटॉपवर आहे. घाईत माणूस काहीही बोलतो. कानाआड केलं.

८ तारीख, दुपारी
कन्सोलवर पॉइंटर झकास सरकतो. डेस्कटॉपवर आता मुळीच सरकत नाही. तोवर प्रबंध कन्सोलवर लिही, असं सुचवलं. तिथे मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. ही बराच वेळ चौकोनांकडे बघत बसली. पुढच्या प्रकरणाचा विचार करत असावी.

११ तारीख
दोन्हीकडे सरकतो. शिवाय तीन बोटांनी टॅप केलं की शेवटचं सिलेक्ट केलेलं पेस्ट होतं. ही सोय हिने मागितली नव्हती. मी मागायची वेळच येऊ देत नाही.
तळहाताचं तेवढं राहिलंय. किरकोळ.

१६ तारीख
तिसरं प्रकरण गाइडबाईंकडून परत आलं. बाकांवर बसलेल्या पेशंटच्या नातेवाइकांबद्दल परिच्छेद आहे, त्याच्या मधोमध ट्रॅकपॅड रीस्टार्ट करायची माझी कमांड, तीन बोटांच्या टॅपने पेस्ट झालेली. बाईंनी खाली लाल रेघ मारून 'संदर्भ?' असं लिहिलंय. कमांड चुकीची आहे असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही, याची नोंद करून ठेवतो.
हिने प्रबंध पेन ड्राइव्हवर घेतला आणि पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकला.

१७ तारीख
आजपासून ही दिवसभर लायब्ररीत जाणार. वाचायला. मला निवांत काम करता यावं म्हणून लॅपटॉप घरीच ठेवून गेली. समजूतदार आहे.

२१ तारीख
ऑफिसात रजा टाकली. कारण, घरात अडचण. साहेब म्हणाले, मिसेसची काळजी घ्या. म्हटलं, तेच चाललंय.

२४ तारीख
सकाळी अपडेट घेतला. दोन्हीकडे बंद. पुन्हा पायापासून.
ही हल्ली कुठवर आलं म्हणून विचारत नाही. विश्वास असा हळूहळूच बसतो.

२९ तारीख, दुपारी ४
झालं. कन्सोल, डेस्कटॉप, तळहात, सगळं. दोन्ही तळवे टेकवून पानभर कखगघ टाइप केलं, कर्सर जागचा हलला नाही. अजून एक दिवस हातात आहे. मनावर घेतलं तर एका दिवसात प्रबंध टाइप होतो. चहा मी करीन.

३० तारीख
सकाळी लॅपटॉप पुसून टेबलावर ठेवला आणि हिला हाक मारली. ही बाइंडिंग करून आणलेल्या प्रती पिशवीत भरत होती. दोनशे अठरा पानं. बारा दिवस लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर बसून तिने ती पुरी केली. मला सांगितलं का नाहीस, म्हणून विचारलं. म्हणाली, तू किती रमला होतास. चिडून म्हणाली असती तर एवढं लागलं नसतं.
एक प्रत मागून घेतली आणि आभाराचं पान काढलं. गाइडबाई आहेत, आईवडील आहेत. रोज हिची खुर्ची राखून ठेवणारे लायब्ररीतले काका आहेत, त्यांना चार ओळी. सगळ्यात शेवटी मी. 'या संपूर्ण काळात माझे पती घरच्या लॅपटॉपजवळ होते.'
तीनदा वाचलं. चूक काही नाही त्यात.