शिपायाची पोस्त

घाटकोपर,
१८ नोव्हेंबर १९५६

तीर्थरूप अण्णा,

साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा खोकला कसा आहे? विमलाने अडुळशाचा पाला बांधून दिला होता, त्याचा काढा घेताय ना, की पुडी अजून पिशवीतच आहे? भात झोडून झालं असेल. पेंढा दशरथच्या गोठ्यात ठेवायला सांगा, आपली पडवी गळते.

क्लास ठीक चालला आहे. वखारीमागच्या खोलीत तुम्ही काजळी खलून भिंतीवर केलेला फळा अजून तसाच काळाभोर आहे. खोक्यांवर फळकुटं टाकून केलेली बाकं मात्र कुरकुरायला लागली. सहामाहीत गणितात दोघंतिघं सोडून सगळी मुलं पास झाली, त्यामुळे पालक मला रस्त्यात थांबवून “काय मास्तर” म्हणतात. गावी हा मान तुमचा. इथे मी तो फुकटात पळवला.

अण्णा, एक गोष्ट लिहायची म्हणून बसलो आणि निम्मा कागद अडुळशात आणि पेंढ्यात घालवला. शाळेत तुम्ही मला म्हणायचात, “रामनाथ, उत्तर येत नसलं की तू प्रश्नच सुंदर अक्षरात उतरवून काढतोस.” ती खोड गेलेली नाही.

जूनमध्ये क्लास काढला तेव्हा शिपाई ठेवायची ऐपत नव्हती. तुम्ही आपणहून म्हणालात, “घंटा मी देतो रे, हाताला सवय आहे.” तो रुळाचा तुकडा तुम्हीच कुठूनसा मिळवून दाराशी टांगलात, माठही तुम्हीच भरायचात. पहिल्याच आठवड्यात वागळेसाहेब त्यांच्या माणिकचं नाव घालायला आले. विमा कंपनीतले हेडक्लार्क, चार लोकांत शब्दाला किंमत. तुम्हाला माठ भरताना बघून ते म्हणाले, “वा, शिपाई पण ठेवलाय! म्हणजे क्लास टिकणार.”

मी “हो” म्हटलं.

त्यांनी माणिकचं नाव घातलं, आणि पाठोपाठ त्यांच्या बिऱ्हाडाशेजारची चार मुलं आली. तुम्ही माठावर झाकण ठेवून बाहेर गेलात. तुम्ही ऐकलं नसेल अशी मी मनाची समजूत घातली. तेही खोटंच. ऐकलंत हे मला तेव्हाच कळलं होतं.

आणि कोट. वागळेसाहेबांची चूक होती असं म्हणून मी सुटलो असतो, पण कोट तर मीच आणला. “अण्णा, सकाळी गारठा असतो, हा घाला,” म्हणालो. ऑगस्टमध्ये घाटकोपरला कसला आलाय गारठा! आणि गारठ्याला घोंगडी चालते, खाकी कोट कशाला लागतो? तुम्ही “बाह्या जरा लांब आहेत” एवढंच म्हणालात आणि घातलात. विमला बाह्या आखूड करून देत होती, तर नको म्हणालात.

पाडव्याला आपण दोघं खोली झाडत होतो तेव्हा वागळेसाहेब फराळ घेऊन आले. वर एक कोरा पंचा. “ही तुमच्या शिपायाची पोस्त,” म्हणाले. पोस्टमनला, भय्याला दिवाळीची द्यावी तशी. मग तुमच्याकडे वळून, “काय म्हातारबा, घंटा अगदी टायमावर देता हं!” तुम्ही माझ्याकडे बघितलंत. एकदाच. मी फळा पुसत होतो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं, अण्णा. तुम्ही दोन्ही हातांनी पंचा घेतलात आणि वाकून त्यांना रामराम केलात. माझी अब्रू राहावी म्हणून वाकलात.

भाऊबीजेला तुम्ही निघालात. झोडणीला माणूस नाही म्हणालात. झोडणी दरसाल दशरथ करतो हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे तुम्हालाही. तरी बोटीवर चढवताना मी “जपून जा” एवढंच म्हटलं. पंचा तुम्ही घडी न मोडता देवांच्या फळीखाली ठेवून गेलात.

गेल्या सोमवारी वागळेसाहेबांनी विचारलं, “शिपाई दिसत नाही तुमचा?” मी म्हटलं, “रजेवर आहे.” विमला माझा डबा घेऊन दारात उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, “रजा संपली की शिपाई परत येतो. अण्णा कशाला येतील?” पुढे चार दिवस ती कामापुरतंच बोलली. मला शरमेने जेवण गोड लागेना.

काल पंचा घेऊन त्यांच्या घरी गेलो आणि उंबऱ्यातच सांगून टाकलं, “ते माझे वडील आहेत. गावी शाळामास्तर होते.” त्यांनी पंच्याकडे बघितलं. मग म्हणाले, “अहो, मी त्यांना म्हातारबा म्हटलं. तुम्ही समोर होतात की!” मी पंचा त्यांच्या हाती दिला. माणिकला काढून घेतो असं ते म्हणाले नाहीत, पण आज माणिक आला नाही. ती चार मुलंही आली नाहीत. जी आली त्यांना मी गणिताआधी सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. हसली असती तर बरं वाटलं असतं.

कोट आता मी घालतो आणि घंटा मीच देतो. काखेत फार काचतो हो तो. तुम्ही कधी बोलला नाहीत.

क्लास राहतो की बुडतो, कळत नाही. परत या म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणतो, या. घंटा नको, माठ नको. खोलीत हाताची खुर्ची एकच आहे, तिच्यावर नुसते बसा. येणाऱ्याने “हे कोण?” असं विचारू दे. आता मला उत्तर येतं.

तुमचा मुलगा,
रामनाथ