सहा मुलींचं वसतिगृह

रांतेपाओ, ४ ऑगस्ट १९८८

चि. दामारिसला बाबांचे अ. उ. आ.

तुम्ही उजुंग पांडांगला सुखरूप पोचलात हे बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. आई म्हणते, पोरगी शहरात उतरली आणि तिला लिहायचा कंटाळा आला. गावाकडच्या मुलींच्या वसतिगृहाला सरकारनं पैसे द्यावेत म्हणून मी तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. आता तुम्ही सहाजणी तिथे राहून नर्स होणार. ताबिताची आई रोज माझ्या शाळेत येऊन विचारते, खोलीला आतून कडी आहे ना. आहे, असं मी सांगितलंय. आईनं डुकराचं धुरावलेलं मांस आणि कॉफी पाठवली आहे. एका दिवसात फस्त करू नका.

सगळ्या पोरींना माझा आशीर्वाद सांग.
तुझे बाबा

उजुंग पांडांग, २० ऑगस्ट

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

वसतिगृहाचं उद्घाटन थाटात झालं. आम्हाला निळ्या चादरींवर बसवून फोटो काढले. भाषणात एका साहेबांनी तुमचं नाव घेतलं, तेव्हा ताबितानं मला एवढा जोरात चिमटा काढला की अजून वळ आहे. जेवणं झाल्यावर मात्र वॉर्डनबाई म्हणाल्या, बोचकी उचला, रंग द्यायचा आहे, आठ दिवसांनी या. ताबिता म्हणाली, बाई, हा रंग तर अजून आमच्या बाह्यांना लागतोय. बाई हसल्या नाहीत.

तेव्हापासून आम्ही चर्चच्या पडवीत झोपतो. खोल्यांना कुलपं आहेत. कचेरीत तुमचा शब्द चालतो, तेव्हा दोन ओळी लिहा. आईला पडवीचं सांगू नका.

तुमची दामारिस

रांतेपाओ, ५ सप्टेंबर

चि. दामारिसला अ. आ.

सरकारी काम आहे, धीर धरा. जाकार्ताहून तपासणी आली तर आम्ही इथेच राहतो एवढंच म्हणायचं. जास्त बोलू नका, ताबिताला तर बोलूच देऊ नकोस. इकडे मला मुख्याध्यापक केलं आहे आणि शाळेला नवं छप्पर मिळतंय. आई खुशीत आहे.

जपून राहा.
तुझे बाबा

उजुंग पांडांग, १९ सप्टेंबर

बाबांस,

तपासणी काल झाली. सकाळी आम्हाला पडवीतून बोलावून पुन्हा खाटांवर बसवलं. माझ्या उशीखाली कुणाचा तरी दाढीचा वस्तरा होता. खोल्यांमध्ये अधिकाऱ्यांचे पुतणे-भाचे राहतात, बाबा.

तुम्ही सांगितलं तसं मी म्हणाले, इथेच राहतो. तेव्हा जाकार्ताच्या बाईंनी एक कागद पुढे केला. गावाकडून एकही मुलगी यायला तयार नाही, खोल्या इतरांना द्यायला हरकत नाही, असं त्यावर होतं. खाली तुमची सही. तारीख २८ जुलै. आम्ही बसमध्ये बसलो ती ३१ ला. तुम्ही स्वतः माझी पेटी टपावर बांधलीत.

बाईंनी विचारलं, ही सही ओळखतेस का. मी हो म्हणाले. मग सगळं खरं सांगितलं. पाचहीजणी माझ्याकडे बघत होत्या. ताबितानं रात्री आपली चटई उचलून पडवीच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिचं काही चुकलं नाही.

पोरींच्या घरी मी काही कळवलेलं नाही. ते तुम्ही करायचं. त्याआधी मला पत्र लिहू नका.

दामारिस

रांतेपाओ, २ ऑक्टोबर

चि. दामारिस,

कचेरीतले साहेब म्हणाले होते की एक वर्ष आमची माणसं राहू देत, तुमच्या मुलींची सोय दुसरीकडे करू. मी विश्वास ठेवला. खरं तर छप्पर हवं होतं आणि खुर्चीही हवी होती. मुख्याध्यापकपद सोडल्याचं काल लिहून दिलं. त्यानं खोल्या परत मिळत नाहीत, हे मला कळतं.

तीन घरी जाऊन आलो. एकीनं शिव्या दिल्या, ते सोपं गेलं. ताबिताच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, गुरुजी, मला वाचता येत नाही, वसतिगृहाच्या त्या अर्जावर अंगठा मी सरकारकडे बघून उठवला नव्हता, तुमच्याकडे बघून उठवला होता. नंतर तिनं कॉफी ओतली, कप माझ्यासमोर ठेवला आणि आत निघून गेली. मी थांबलो. ती बाहेर आली नाही.

तुझी आई माझ्याशी बोलत नाही. उत्तराची अपेक्षा नाही.

उरलेल्या दोन घरी उद्या जाईन.

मार्थेन