बदरीनारायणास निघण्यापूर्वी

॥ श्री ॥

अमरावती, माघ वद्य ५, शके १७८५

चिरंजीव गंगाभागीरथी पार्वता हीस वडील बंधू वामन याचे अनेक आशीर्वाद. येथील क्षेम जाणून अकोटचे कळवीत जावे. माझा खोकला उतरला आहे. त्याविषयी पुन्हा विचारू नये.

कापसाच्या गाड्या घेऊन आलेल्या खुशालरावाच्या हाती तुझे पत्र पोचले. त्यात दोन मागण्या आहेत. बदरीनारायणाच्या वाटेला बरोबर काय घ्यावे, ही एक. मागे श्राद्ध करणारे कोणी नाही, म्हणून निघण्यापूर्वीच तुझ्या जिवंतश्राद्धाचा मुहूर्त काढून द्यावा, ही दुसरी. पहिलीचे उत्तर आधी देतो, कारण ते मला देता येते.

मी तिकडे गेलेलो नाही. येथे उतरलेल्या एका गोसाव्यास उलटसुलट विचारून जे टिकले तेवढेच लिहितो. वर डाळ शिजत नाही. सातूचे पीठ, गूळ आणि सुंठ घ्यावी. आपल्याकडच्या वहाणा बर्फावर निसरतात. पहाडी लोक दोरीचे जोडे विकतात, ते घ्यावेत. गोसावी म्हणाला की, उंचावर रानफुलांच्या विषारी वासाने दम लागतो, म्हणून नाकाला फडके बांधावे. मी विचारले, जेथे फूल उगवत नाही तेथे? म्हणाला, तेथे तर अधिकच लागतो. तेव्हा कारण फुले नव्हेत, उंची होय. आणि फडक्याने उंची कमी होत नाही. हळू चालावे. डोके ठणकून उलटी झाली, तर दर्शन राहिले तरी चालेल, पण त्याच दिवशी खाली उतरावे. कोणी भेकड म्हटल्यास माझे नाव सांगावे.

सोबत कापूस भरलेली बंडी पाठवीत आहे. ती शिवणे सोपे गेले नाही. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून आपल्याकडचे बोंड न् बोंड मुंबईस जाते. येथे पिंजाऱ्याजवळ मूठभर मिळेना. खुशालरावास मागितला, तर हसून म्हणाला, "शास्त्रीबुवा, यंदा कापूस सोडून सारं भेटते. घरची म्हणते, गोधडी पायजे असंन तं मुंबईलेच जाऊन निजा." शेवटी मी माझी गादी उसवली. थंडी ओसरतच आली आहे, आणि मला चटई पुरते.

आता दुसरी मागणी. खुशालरावाने न विचारता आणखी एक सांगितले. तू गाय दिलीस, भांडी वाटलीस. यात्रेकरू असे करतात, म्हणून मी ते मनावर घेतले नाही. पण मग तो म्हणाला, "बाईनं जातं बी देऊन टाकलं. मी इचारलं, काहून देल्लं? तं म्हणते, परत येनाऱ्यानं ठेवावं जातं."

धुरावरून अग्नी ओळखण्यापुरते मी खचितच शिकलो आहे.

न्यायशास्त्राच्या रीतीने मांडले, तर तुझी प्रतिज्ञा अशी की, परत येण्याचे प्रयोजन नाही. आणि हेतू असा की, मागे कोणी नाही. हा हेतू असिद्ध आहे. मागे कोणी नाही असे तू ज्याला लिहिलेस, तो मागे आहे. वयाने मी वडील, म्हणून आधी जाईन, असे तू म्हणशील. ते संभवनीय आहे, सिद्ध नाही. आणि तसे झालेच, तर मला पाणी द्यायला तरी तू येथे असावीस की नाही, याचे उत्तर तू द्यावेस.

म्हणून जिवंतश्राद्धाचा मुहूर्त काढलेला नाही आणि काढणारही नाही. दुसऱ्या कोणाकडून काढून घेतल्यास मी अडवू शकत नाही.

एक मुहूर्त मात्र काढला आहे. पुढच्या सालचे पंचांग अजून निघालेले नाही, तेव्हा गणित स्वतःच केले. यात्रेहून परतल्यावर करावयाचे तुझे मावंदे मार्गशीर्ष शुद्ध दशमीस, येथे माझ्या घरी. आणलेल्या गंगेची पूजा यात्रा करणाऱ्यानेच करावी लागते; तिथे तुझ्याऐवजी कोणास बसवता येणार नाही. ब्राह्मणांस आमंत्रण आजच दिले. मी शब्द फिरवीत नाही, हे तू जाणतेस.

बहुत काय लिहिणे.

मार्गशीर्षापर्यंत येथेच असणारा,
वामन