भोंगा उतरवला, स्पीकर बसवले

२० सप्टेंबर, शुक्रवार

एका प्रदीर्घ अन्यायाची आज लेखी नोंद करून ठेवणे भाग आहे. आमच्या पिकअपचा उजवा स्पीकर शाबूत आहे आणि डावा फाटला आहे. परिणामी गाणारी बाई सदैव ड्रायव्हरच्या, म्हणजे माझा धाकटा भाऊ विलास याच्या, कानाशी बसून गाते. डावीकडे बसणाऱ्या थोरल्या भावाच्या वाट्याला खरखर.

तक्रार केली. वि. म्हणाला, "दादा, तू फाट्यापर्यंत येनार. त्यात गाडी हालली की झोपनार. तुला काय करायची गानारी?"

गाडी हलली की मला झोप लागते हे सत्य आहे. तथापि झोपलेल्यालाही न्याय मिळाला पाहिजे. हे सु.ला सांगितले. सहधर्मचारिणी म्हणवते, पण संध्याकाळपर्यंत हसत होती.

२२ सप्टें., रवि.

आमचा दुसरा ड्रायव्हर पोपट गेला. पाथर्डीला, आपल्या घरी. यंदा कारखान्याच्या ट्रॅक्टरवर लागणार. म्हणजे कल्याणच्या फूलबाजाराच्या खेपा आता वि. एकटाच करणार. आजवर दोघे आळीपाळीने जात. ऊन उतरले की वस्त्यांवरून शेवंती-झेंडू गोळा करायचा, माळशेज उतरून उजाडायच्या आत बाजार गाठायचा, दुपारी घरी, दोन घास, एक डुलकी, की पुन्हा फुले तयारच. फूल काही थांबत नाही. त्यात दसरा जवळ.

सु. म्हणाली, "भावजी झोपणार कधी?" 

विचारले. "दिवाळीनंतर," म्हणाला. हसून म्हणाला, म्हणून मीही हसलो.

स्पीकर मात्र बदलायचेच म्हणतो. सगळे. माझ्या तक्रारीला इतके वजन या घरात कधीपासून आले, कळत नाही.

२५ सप्टें., बुध.

नगर. (वार्ताहर म्हणून बातमीत अहिल्यानगर लिहितो. तोंडात नगरच येते.) इम्रानचे दुकान. गाड्यांना आवाज बसवून देणे हा धंदा. दुकानात बसले की दात हलतात.

इम्रानने वूफर, मिड, ट्विटर असे तीन प्रकार समजावले. मी म्हणालो, आम्हाला पाठशाळेत हेच शिकवले. मंद्र छातीत, मध्य कंठात, तार मस्तकात. इम्रान म्हणाला, "बरोबर पंडितजी, फक्त आपला मंद्र सीटच्या मागं बसतो." मग अँप्लिफायर दाखवला. तो माझ्या सीटखाली बसणार, म्हणजे पाय कुठे ठेवायचे? "पंडितजी मांडी घालून बसतील," वि. परस्पर म्हणाला.

एवढे कशाला, हा प्रश्न तीन वेळा केला. पहिल्यांदा उत्तर: "सगळ्यांच्या गाडीत हाय." मग: "गाडी इकायची झाली तर भाव येतो." तिसऱ्यांदा ऐकूच आले नाही, इम्रानने वूफर लावून दाखवला होता.

टपावरचा जुना भोंगा इम्रानने उतरवला. एका बॅटरीवर दोन्ही चालणार नाहीत म्हणे. वि. "घेऊन टाक" म्हणाला. चांगला होता भोंगा. मला उगाच वाईट वाटले.

२६ सप्टें., गुरु.

आवाज अप्रतिम. काचा वर केल्या की आपण एखाद्या पखवाजाच्या आत बसलो आहोत असे वाटते. गाणारी बाई आता दोघांच्या मधोमध बसते. न्याय झाला. पाय मात्र मांडीत.

एक शंका. ढोलकी जोरात वाजली की हेडलाइट त्याच ठेक्यावर मंद होतात. वि. म्हणाला, "व्हतंय तसं. बॅटरी नवी घेनार हाय."

२७ सप्टें., शुक्र.

अनर्थ.

काल संध्याकाळी फुले गोळा करायला पिकअप नेहमीच्या वाटेने गेली आणि जवळजवळ रिकामी परत आली. रस्त्यावर कोणी नाही. लोक काही वैरी झाले नव्हते. वर्षानुवर्षे वि. टपावरच्या भोंग्यावर सनई लावत येतो. ती ऐकून वस्त्या-वस्त्यांवरून लोक क्रेट डोक्यावर घेऊन रस्त्याला येतात. फुले तोडताना फोन कोण बघतो? हात चिकाने भरलेले, फोन घरात चार्जिंगला. काल सनई वाजत होती. पण आत, काचा वर करून, आम्हा दोघांसाठी. मी शेजारी होतो. सनई फार गोड वाटली आणि मला झोप लागली.

सकाळी ओढ्यापलीकडची जिजाबाई नातवाच्या मोटारसायकलवर क्रेट मांडीत घेऊन दारात. "इलास, भोंगा काडला त्ये सांगायचं तरी. आमी सनईची वाट बगत दिवेलागनीपत्तूर बसलो. फुलं बसली तोंडं पाडून."

वि. खाली मान घालून उभा. मग मला म्हणाली, "आन् मास्तर, तुमी पेपरात लिवता जगाचं. ह्ये न्हाई का लिवता आलं?" 

वार्ताहराला गाव मास्तर म्हणते. पूर्वी दुरुस्त करत असे.

म्हणालो, भोंगा परत आणू. वि. म्हणाला, "न्हाई. आतला आवाज ऱ्हाऊ दे." गिऱ्हाईक तोडायला तयार, स्पीकर सोडायला नाही. हा माणूस गाणी ऐकणारा कधीच नव्हता. मला काही उमगत नाही.

३० सप्टें., सोम.

तोडगा असा निघाला की वस्ती आली की गाडीची दोन्ही दारे उघडायची आणि सनई पूर्ण आवाजात सोडायची. ऐकू जाते. परंतु सनईखाली जो मंद्र आहे, तो जमिनीतून जातो. जिजाबाईच्या म्हशीने आज दावे तोडले.

हिवरे बाजार बघायला निघालेले परगावचे पाहुणे आमच्या फाट्यावर नेहमी रस्ता विचारतात. आज त्यांनी विचारले, लग्न कुणाचे?

३ ऑक्टो., गुरु. घटस्थापना.

झेंडूला मागणी. वि. कल्याणहून आला, पाय धुतले, भाकरी हातात घेऊन तसाच ओट्याला टेकला आणि झोपला. हातातली भाकरी कोंबडीने नेली. मीना, त्याची बायको, हसत हसत उठवायला गेली आणि मग नुसतीच शेजारी बसून राहिली.

दुपारी गावात भोंगा ओरडत आला. तो तुटका आवाज ओळखीचा. आमचाच. इम्रानने भंगारवाल्याला विकला आहे. भंगारवाला नुसता आवाज जुळवून बघत होता, खर्र खर्र, तोच चार घरांतून लोक क्रेट घेऊन रस्त्याला. जिजाबाई सगळ्यांत पुढे. भंगारवाला म्हणाला, "मावशी, फुलं न्हाई घेत, लोखंड आना." 

हे सांगितल्यावर वि. हसेल असे वाटले होते. डोळे उघडे होते त्याचे, पण ऐकले नाही बहुतेक.

५ ऑक्टो., शनि.

साळवेमामा आले होते. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त. लेक कल्याणला नांदते, म्हणून परवा वि.बरोबर पिकअपने गेले, आज परत आले. परत येताना एस.टी.ने. मी विचारले, मामा, आपली गाडी सोडून?

चहा पूर्ण केला. मग:

"घाटाच्या अलीकडं बोलत हुता माज्याशी. कांद्याचं, पोपटचं. बोलता बोलता गप झाला. गाडी आपली सरळ चालल्याली. म्या खांद्याला हात लावला. म्हनला, काय न्हाई मामा, गानं ऐकतोय."

कप खाली ठेवला. "गानं कवाच संपलं हुतं, मास्तर."

बातमी असती तर चार प्रश्न विचारले असते. मामांना आणखी चहा हवा का, एवढे विचारले.

६ ऑक्टो., रवि.

वि. हौदावर तोंड धूत होता, तिथे गाठले.

आधी: "मामा म्हातारं मानूस, घाबरतंय." 

नंतर, टॉवेलमागून: "दादा, ह्यो खालचा आवाज छातीत वाजला ना, की डोळा उघडा ऱ्हातो. जुन्या डब्यानं न्हवतं व्हत तसं."

म्हणजे एवढ्याकरता. माझ्या खरखरीकरता नव्हे, भाव यावा म्हणून नव्हे. मी सीटखालच्या त्या लोखंडी पेटीला रोज नावे ठेवत आलो.

म्हणालो, रस्त्यात गाडी लावून झोपत जा. म्हणाला, "फुलं कोमेजत्यात. बाजार उजाडायच्या आत संपतो." म्हणालो, आठवड्यातून एक दिवस बंद ठेव. म्हणाला, "जिजाबाईला तू सांग." म्हणालो, मी बसतो शेजारी. यावर मात्र मनापासून हसला. मलाही हसू आले. हसण्यासारखे काही नव्हते.

८ ऑक्टो., मंगळ.

ड्रायव्हर शोधतो आहे. तालुक्यात माझ्या ओळखी पुष्कळ, असा माझा समज. जो तो पोपटसारखा ट्रॅक्टरवर गेलेला किंवा जाणार. एक मिळाला, गाडी उत्तम चालवतो, लायसन नाही. दुसऱ्याकडे लायसन आहे, पण सकाळी दहाला भेटलो तेव्हाच तोंडाला वास. तिसरा म्हणाला, घाट असेल तर नको.

बिबट्या दिसल्याची बातमी पाठवली. पाठवून झाल्यावर लक्षात आले, गावाचे नाव घालायचे राहिले.

१० ऑक्टो., गुरु.

दसऱ्याची शेवटची मोठी खेप आज. शेवंती टपापर्यंत. नवी बॅटरी बसली, हेडलाइट आता मंद होत नाहीत. ही एक गोष्ट बरी झाली, असे लिहितो आणि लगेच वाटते, कशावरून?

फाट्यापर्यंत गेलो. निश्चय करून जागा राहिलो. वि. सारखा खिडकीतून तोंड बाहेर काढत होता. "वारं चांगलं लागतं," म्हणाला. काचा खाली, आवाज पूर्ण. मला काही बोलायचे होते. त्या आवाजात बोलता येत नाही. कदाचित तोही उपयोग असेल.

उतरताना एवढेच म्हणालो, हळू जा. म्हणाला, "हळू गेलं की जास्त येती." 

पायी घरी आलो. काय येते ते त्याने म्हटले नाही, मीही विचारले नाही.

१२ ऑक्टो., शनि. दसरा.

गाडीची पूजा. मीनाने बॉनेटला हळदकुंकू लावले, चाकांना लावले, मग दार उघडून वाकली आणि सीटखालच्या अँप्लिफायरलाही लावले. अक्षता वाहिल्या. मी मंत्र म्हणत होतो, मधेच अडखळलो. कधी अडखळत नाही.

प्रसाद देताना मला हळूच म्हणाली, "दादा, तुम्ही बसता त्यांच्याशेजारी. एवढ्या मोठ्या आवाजात मागच्या गाडीचा हॉर्न ऐकू येतो का हो त्यांना?" 

येतो, म्हणालो. ते खरेच आहे. तिने विचारले तेवढ्याचे उत्तर दिले. दुसरे काही तिने विचारले नाही. तिला सांगावे, तर ती रोज उजाडेपर्यंत जागणार. न सांगावे, तर…

सु.ला विचारले. म्हणाली, "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन." मग तीही गेली नाही सांगायला. दोघेही घरात एकमेकांना चुकवून हिंडतो.

१४ ऑक्टो., सोम.

दुपारी अंगणातून ढोलकी. वि. आला असेल, जेवायला बोलवावे म्हणून गेलो. गाडी शेडमध्ये उभी. स्पीकर पूर्ण आवाजात. शेडचा पत्रा थरथरत होता, दाराला हात लावला तर दार थरथरत होते. आत वि. स्टिअरिंगवर हात ठेवून, तोंड उघडे टाकून, गाढ झोपलेला.

दोन हाका मारल्या. मग आत हात घालून गाणे बंद केले. तसा दचकून जागा झाला. "निघायला उशीर झाला का?" म्हणाला.

जेवला. आज फुले थोडी आहेत, तरी निघाला. राहा म्हणालो. "दिवाळीपर्यंत रे दादा, मग झोपतोच की," म्हणाला. मागून फोन करावा, तर तो घ्यायला हात स्टिअरिंगवरून सुटणार. न करावा, तर जागा आहे की नाही हे मला कळायला मार्ग नाही. फोन समोर ठेवून बसलो आहे. अजून लावलेला नाही.

स्पीकर, भोंगा, बॅटरी, माझे पाय, यांवर पाने भरली. खरे एवढेच आहे की विलासला गाडी चालवताना झोप लागते, आणि आता त्या आवाजातही लागते. एके दिवशी तो घाटातून घरी येणार नाही, याची मला भीती वाटते.