माणूस मागितला, यंत्र आलं

परशुराम, गवत कापायला मी विळ्यासकट एक माणूस मागितला होता. तू तुझा लेक काळुराम पाठवलास, विळ्याशिवाय, आणि त्याच्याबरोबर चाकांवरचं यंत्र. माझं पत्र तू वाचलंस, की बायजेने वाचलं आणि तू नुसती मान डोलावलीस?

आता रीतीचं लिहिते. चिरंजीव परशुरामास डोंबिवलीहून सखुअक्काचा आशीर्वाद. इकडे सगळे जिवंत आहेत. (खुशाल असं लिहिणार होते, पण पुढे वाच म्हणजे कळेल का नाही लिहिलं.) विडी सुटली असेल तरच तुझ्या खोकल्याचं मला सांग, नाहीतर राहू दे.

यंदा वाडीत गवत माझ्या कमरेला लागलंय. घरापासून विहिरीपर्यंत आंब्याची कलमं, चिकू, पेरू, आणि मधली पायवाट आता नुसती अंदाजाने चालायची. गवत कापणारे सगळे भातकापणीला गेले, ते दिवाळीआधी हाताला लागत नाहीत. आपला धाकू ठाण्याच्या कारखान्यात लागल्यापासून त्याला विळा दाखवला की ड्यूटीची वेळ आठवते. नातू मीच वाढवला, तेव्हा बोलायचं कुणाला. माझे गुडघे तर तू बघितलेसच. आणि शकूला सहावा लागलाय. नातसून रोज त्याच वाटेने पाणी आणते. डोक्यावर हंडा आणि पुढे पोट, म्हणजे आपला पाय कुठे पडतोय ते तिला दिसत नाही. म्हणून माणूस मागितला होता, हौस म्हणून नाही.

तुझा काळुराम शेटच्या बंगल्यावर बाग बघतो, त्यामुळे गवत म्हटलं की त्याला ती हिरवळ दिसते, जिच्यावर शेटीण सकाळी अनवाणी फिरते. तो धाकूला घेऊन ठाण्याच्या दुकानात गेला. तिथे म्हणे एक अरुंद यंत्र होतं, एक रुंद. दोघांनी दोन्ही यंत्रं दुकानातल्या फरशीवर ढकलून बघितली. (फरशीवर. गवत कशात उगवतं ते दोघांपैकी एकालाही आठवलं नाही.) रुंद जास्त सुरळीत चाललं, म्हणून रुंद पसंत. मग कुंपण छाटायच्या कातरी. आखूड दांड्याची होती, लांब दांड्याची होती. लांब घेतली, कारण ती हातात धरली की धाकू रुबाबदार दिसतो, असं काळुरामचं मत पडलं. दुकानदाराने शेटच्या ओळखीवर दोन्ही वस्तू वापरून बघायला दिल्या, नाही पटल्या तर परत. माझ्या दोन चिकूंच्या आळ्यांमधून वासरूसुद्धा अंग चोरून जातं, हे दुकानात कोण सांगणार?

हे दोघे घरी पोचले तो दिवस खंडेनवमीचा. विळा, कोयता, कुदळ, पहार, ती कातर, सगळं घासून पाटावर मांडलं, आणि मध्ये ते यंत्र झेंडूची माळ घालून, नवरदेव बसावा तसं. मीच मांडायला लावलं. नवं लोखंड घरात आलं आणि पूजेला नाही, असं आपल्यात होतं का? आणि मांडलेलं हत्यार दसऱ्याला नारळ फुटेपर्यंत हलवत नाहीत. त्याच दुपारी शकू विहिरीकडून हाक देते, "आजी, इथे गवतात कायतरी फुसफुसतंय. लोहाराच्या भात्यासारखं."

भात्यासारखी फुसफुसते ती घोणस. घरात मारायला जे जे होतं ते हळदकुंकू लावून पाटावर बसलेलं. काळुराम मला विचारतो, "आत्या, कोयता उचलला तर चालेल का?" धाकू त्याला म्हणतो, "थांब, आजी सांगेल." मेल्यांनो, मी काय पंचांग आहे? कपडे वाळत घालायची काठी तेवढी पूजेतून सुटली होती. ती घेऊन जमीन आपटत मीच गेले. शकूला म्हटलं, हलू नको, हंडा टाकू नको. ती तशीच उभी, नाकावर घाम, हंड्यातलं थेंबभर पाणी सांडलं नाही. फुसफुस कुंपणाकडे गेली तेव्हा तिला दंडाला धरून आणली. गुडघे तेव्हा दुखले की नाही ते लक्षात नाही.

दसऱ्याला नारळ फोडला आणि धाकूने यंत्र वाडीत घातलं. माळ काढायची राहिली होती, ती पात्यांत गुंडाळली, म्हणजे यंत्राने पहिला जो कापला तो झेंडू. मग गवत. तर गवत यंत्रापुढे साष्टांग आडवं पडायचं, यंत्र वरून गेलं की परत उठून उभं राहायचं. काळुराम म्हणाला, आधी विळ्याने बोटभर उंचीचं करून घ्यावं लागतं, मग यंत्र छान चालतं. (हे त्याला दुकानात ठाऊक होतं का, ते तूच विचार. मी विचारलं तर आवाज चढेल.) पुढे दोन चिकूंच्या मधे यंत्र अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. धाकू अनवाणी, दांडा धरून ओढतोय, आणि चाकाच्या पलीकडे ती वेटोळं घालून बसलेली. या वेळी दिसली. माझ्या मनगटाएवढी जाड, अंगावर साखळीची नक्षी. धाकूचं तोंड कागदासारखं झालं. शकू उंबऱ्यावर उभी होती, ती पायरी उतरायला लागली, तिला मी पदराला धरून मागे ओढली. मग धाकूने काय केलं, तर डोळे मिटून सगळ्या ताकदीने यंत्र पुढे लोटलं. पाती अशी खडखडली की पेरूवरचे पोपट उडाले, आणि ती बया सरसर करत कुंपणात गेली. म्हणजे ती मेली नाही. कुंपणात आहे. कपडे धुवायच्या दगडापासून चार पावलांवर.

काळुराम त्या वेळी कुठे होता म्हणशील तर कातर घेऊन मागच्या बाजूला. तिथे त्याने माझं हापूसचं कलम "नीट केलं". कलमाची फांदी छाटली आणि खालच्या रायवळ खुंटाचा फुटवा ठेवला, कारण तो जास्त टवटवीत दिसत होता. म्हणजे आता तिथे हापूस विसरायचा, रायवळच लागणार. त्याची शेटीण कशावर अनवाणी फिरत असेल देव जाणे.

यंत्र आणि कातर दोन्ही रविवारी घेऊन जा म्हणून त्याला निरोप दे. बायजेला आणि लेकरांना आशीर्वाद.

तुझी सखुअक्का

ता. क. यंत्र राहू दे, कातर तेवढी ने. सकाळी विहिरीवर जाताना मी ते पुढे ढकलत जाते. गवताचं पातं कापत नाही, पण त्याच्या खडखडाटापुढे काठी म्हणजे काहीच नाही. विळ्याने बसून बसून वाटही थोडी मोकळी करतेय.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. गवत निघेपर्यंत शकूला तुमच्याकडे खडवलीला ठेवून घ्या. तुमची विहीर सारवलेल्या अंगणात आहे, मला तेवढंच पाहिजे. जा म्हटलं तर जात नाही. म्हणते, तुमच्या गुडघ्यांनी पाणी कोण ओढणार. मी रागावले, तिने सगळं ऐकून घेतलं आणि हंडा उचलला. तिला आई नाही, तेव्हा माहेरचं बोलावणंही यायचं नाही. तर बायजेने आपल्या नावाने कार्ड टाकायचं, की माझी कंबर धरली आहे, अंथरुणातून उठवत नाही, भात घरात यायचंय, शकूला पाठवून द्या. जरा रडकं लिहायचं. घरात आलेलं पत्र माझ्याआधी शकूच वाचते, म्हणून उत्तर बायजेनेच लिहायचं. तू लेखणीला हात लावू नकोस. तुला खोटं जमत नाही, दुसऱ्याच ओळीत घोणशीचं नाव काढशील.